चंपा, चंबा, चंपानेर, चंपारण : एका फुलाच्या नावाची गावं

रानजाई

चंपा हे नाव नकाशावर शोधायला बसलं की बोट एका जागी ठरत नाही. बिहारात भागलपूरला लागून चंपानगर, त्याच राज्यात वर नेपाळच्या सीमेला चंपारण. छत्तीसगडात चांपा, आणि तिथेच आणखी एक चंपारण. गुजरातेत चंपानेर, हिमाचलात चंबा, कुमाऊँत चंपावत. समुद्र ओलांडला तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर हजाराहून जास्त वर्षं टिकलेलं चंपा राज्य, आणि लाओसमध्ये चंपासाक. या सगळ्यांच्या मुळाशी आपला सोनचाफा, संस्कृतातला चंपक, आहे असं सांगितलं जातं.

हा धागा काढायचं कारण असं, की या विषयावर जे काही वाचायला मिळतं त्यात बहुतेकदा सगळी नावं एका दोऱ्यात ओवलेली असतात. 'इथे चाफ्याची बनं होती, म्हणून नाव पडलं' या एका वाक्यात गाव निकालात निघतं. मला ते पटत नाही. कुठे नाव झाडावरून आलंय, कुठे राजावरून, कुठे राजाच्या मुलीवरून, कुठे प्रधानावरून. काही ठिकाणी तर फुलाचा संबंधच नाही, उच्चार तेवढा जुळतो. नाव सारखं असलं तरी प्रत्येक गावाला त्याची गोष्ट वेगळी विचारायला हवी.

सगळ्यात जुन्या चंपेपासून सुरुवात करते. अंग देशाची राजधानी, म्हणजे महाभारत वाचणाऱ्यांसाठी कर्णाची नगरी. महापरिनिर्वाण सुत्तात आनंद बुद्धांना विनवतो की कुशीनगरसारख्या आडगावी देह ठेवू नका, आणि मोठ्या नगरांची नावं घेतो: चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी. पहिलंच नाव चंपेचं. जैनांना ती आणखी जवळची, कारण बारावे तीर्थंकर वासुपूज्य यांची पाचही कल्याणकं, म्हणजे गर्भापासून मोक्षापर्यंतचे पाच मंगल प्रसंग, याच चंपापुरीत झाली.

आता नाव कशावरून? पुराणं सांगतात की नगरीचं आधीचं नाव मालिनी, पुढे चंप नावाच्या राजावरून ती चंपा झाली. बौद्ध परंपरेत मात्र तिथल्या गग्गरा पुष्करिणीच्या काठच्या चंपक वृक्षांचं वर्णन येतं. बुद्ध चंपेला आले की याच तळ्याकाठी उतरत. म्हणजे एकाच शहराची एक ओळख राजावरून आणि एक झाडांवरून, आणि दोन्ही जुन्या.

तुम्हाला माहीत असलेली चंपा लिहा. फक्त गावाचं नाव टाकू नका, ते नाव तिथे कसं पोचलं तेही लिहा.

नकाशाप्रेमी

छान विषय. चंबा माझ्याकडून.

दहाव्या शतकात राजा साहिल वर्मनने आपली राजधानी भरमौरहून (तेव्हाचं ब्रह्मपूर) रावीकाठच्या पठारावर हलवली. ही जागा त्याच्या मुलीला, चंपावतीला आवडली होती, म्हणून नव्या शहराला तिचं नाव दिलं अशी तिथली परंपरा. चंपावतीचं देऊळ आजही गावात आहे आणि तिथे तिला देवी मानतात. त्याच राजघराण्याची दुसरी कथा राणीची. शहराला पाणी येईना, तेव्हा राणीने स्वतःचा बळी दिला आणि कालव्याला पाणी आलं, असं सांगतात. सूही मातेची जत्रा तिच्या नावाने भरते आणि त्यात बायका-मुलीच पुढे असतात. शहराचं नाव मुलीचं आणि पाणी आईचं, असं गाव मला दुसरं माहीत नाही.

कुमाऊँतल्या चंपावतची कथाही अशीच: चंपावती नावाची राजकन्या. चंद राजांची ही जुनी राजधानी, सोळाव्या शतकात ती अल्मोड्याला गेली. तिथलं बालेश्वराचं दगडी देऊळ बघण्यासारखं आहे. बाहेरच्या जगाला मात्र हे नाव जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलेल्या वाघिणीमुळे माहीत. ४३६ माणसं तिच्या नावावर सांगतात.

जुना_वाचक

रानजाई, मुद्दा कळला, पण थोडा विरोध नोंदवतो. मुलीचं नाव चंपावती ठेवलं तेही फुलावरूनच ना? राजा चंप, प्रधान चांपा, कुणीही घ्या, मुळाशी फूलच येतं. मग झाडावरून काय आणि माणसावरून काय, फरक कितीसा पडतो?

रानजाई

जुना_वाचक काका, फरक पडतो, कारण आपण त्या नावावरून पुढे निष्कर्ष काढतो. चंबा हे नाव चंपावतीवरून आलं असेल, तर त्यातून दहाव्या शतकात मुलींना फुलांची नावं ठेवत एवढं कळतं. तिथल्या डोंगरावर चाफ्याची राई होती हे त्यातून कळत नाही. उलट चंपारण हे चंपारण्यावरून आलेलं नाव, त्यात अरण्य स्वच्छ दिसतं. पर्यावरणाचा इतिहास लिहिणारे गावांच्या नावांवरून जुनी झाडी कुठे होती ते शोधतात. तिथे राजकन्येचं नाव आणि जंगलाचं नाव एका रकान्यात टाकलं तर सगळा हिशेब चुकेल.

चंपानेर घ्या. नावाचं श्रेय परंपरेने वनराज चावडा या राजाच्या चांपा नावाच्या प्रधानाला जातं. पावागडाच्या दगडाच्या ज्वाळेसारख्या, चाफ्यासारख्या रंगावरून नाव पडलं असंही सांगतात. एकात माणूस, दुसऱ्यात नुसता रंग, आणि झाड दोन्हींत नाही.

पूर्वरंग

चंपानेरबद्दल थोडी भर. महमूद बेगड्याने दीर्घ वेढा घालून १४८४ साली ते खिची चौहानांकडून घेतलं, शहर नव्याने वसवलं आणि नाव ठेवलं मुहम्मदाबाद. पन्नासेक वर्षं गुजरातच्या सलतनतीची राजधानी तिथे होती. १५३५ मध्ये हुमायूनने शहर घेतलं आणि त्यानंतर ते ओस पडत गेलं. राजाने दिलेलं नाव गेलं, लोकांच्या तोंडातलं राहिलं. अठराव्या शतकात पावागड मराठ्यांकडे आला आणि पुढे शिंद्यांकडे होता, ही आपली नाळ. २००४ पासून चंपानेर-पावागड जागतिक वारसा यादीत आहे. तिथली जामी मशीद सावकाश बघा. वडोदऱ्याला जाणारे बहुतेक लोक कालिकामातेचं दर्शन घेऊन तसेच परततात, फार वाईट वाटतं.

वैदर्भीय

आमच्याकडे नागपूर–उमरेड रस्त्यावर चांपा आहे. आणि हावडा लाइनवर बिलासपूरच्या पुढचं चांपा जंक्शन, कोरब्याकडे जाणारा फाटा तिथूनच. कोसा रेशमासाठी नावाजलेलं गाव. नागपूरच्या साडीच्या दुकानात 'चांपाचा कोसा' म्हटलं की दुकानदार वेगळा गठ्ठा काढतो.

छत्तीसगडातलं चंपारण म्हणजे राजिमजवळचं. पुष्टिमार्गाचे प्रवर्तक वल्लभाचार्य यांचा जन्म तिथला, १४७९ चा. गुजरातेतून वैष्णव भाविक मोठ्या संख्येने येतात. बिहारचं चंपारण आणि हे, दोघांची लोक नेहमी गल्लत करतात.

अबोली_२२

वाचतेय. चंपारण म्हटलं की मला फक्त गांधीजी आणि नीळ आठवते. त्याबद्दल लिहा ना कुणी.

मावळतीकर

अबोली, लिहितो, कारण या चंपारणात मराठी माणसांचा एक भाग आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही.

तिथे तीनकठिया नावाची पद्धत होती. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा, त्यातल्या तीन कठ्ठ्यांत कुळाने निळीचं पीक घेतलंच पाहिजे, अशी निळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांची सक्ती. राजकुमार शुक्ल नावाचा शेतकरी गांधीजींच्या मागे लागून लागून त्यांना तिथे घेऊन गेला. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी मोतिहारीला पोचले, जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मोडला, हजारो रयतांचे जबाब नोंदवले गेले, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली. एवढं शाळेत येतं.

पुढचं येत नाही. जबाब घेता घेता गांधीजींच्या लक्षात आलं की सक्ती उठली तरी गावात शाळा नाही, स्वच्छता नाही, औषध नाही. मग त्यांनी स्वयंसेवक मागवले. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले गेल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, बेळगावहून सोमण आणि पुंडलीक, भारत सेवक समाजाचे डॉक्टर देव. पहिली शाळा नोव्हेंबर १९१७ मध्ये बडहरवा लखनसेन या खेड्यात निघाली, अवंतिकाबाई तिथे होत्या. भितिहरव्याच्या शाळेवर कस्तुरबा होत्या.

यातली एक अडचण मला फार जवळची वाटते. या शिक्षिकांना हिंदी जेमतेम येत होतं, मग मुलांना शिकवायचं कसं? गांधीजींनी त्यांना सांगितलं की व्याकरण आणि आकडेमोडीपेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा, आणि अक्षरांचं म्हणाल तर गुजराती, हिंदी, मराठीत तुम्हाला वाटतो तेवढा फरक नाही. अवंतिकाबाईंनी १९१८ मध्ये गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. चंपारण हे नाव त्या काळच्या मराठी घराघरांत अशा वाटेनेही पोचलं.

आज पुण्यात चंपारण म्हटलं की लोकांना हंडीतलं मटण आठवतं. तेही खावं जरूर, पण बडहरवाही ठाऊक असावं.

अबोली_२२

मावळतीकर दादा, खूप आभार. आनंदीबाई वैशंपायन हे नाव मी पहिल्यांदा वाचलं.

हिमवाट

रानजाईंनी वर म्हटलंय की काही ठिकाणी फक्त उच्चार जुळतो. त्याचं पक्कं उदाहरण देतो. कारगिलहून लेहला जाताना मुलबेखला रस्त्याला लागून एका उभ्या सुळक्यात कोरलेली सुमारे ९ मीटर उंच मूर्ती आहे. स्थानिक लोक तिला 'चंबा' म्हणतात. आमच्या गाडीतल्या सगळ्यांनी तिचा संबंध हिमाचलातल्या चंब्याशी जोडला होता. ती मूर्ती मैत्रेयाची, येणाऱ्या बुद्धाची. तिबेटी भाषेत मैत्रेयाला जम्पा म्हणतात, लडाखी तोंडी ते चंबा होतं, आणि अर्थ प्रेम, मैत्री असा आहे. फुलाशी काडीचा संबंध नाही. पश्मिन्याच्या बकऱ्या राखणारे चांगपा लोकही असेच वेगळे. त्यांचं नाव चांगथांगवरून, म्हणजे उत्तरेकडचे लोक.

आणि पंजाबीत गेलात तर 'चंबा' म्हणजे जाई-जुईच्या कुळातलं फूल. शिवाय पाखरांचा थवा हाही अर्थ. लग्नात मुलीची पाठवणी करताना तिकडच्या बायका लेकींना चिमण्यांचा चंबा म्हणतात.

शब्दशोधक

हिमवाट यांच्या यादीत एक टाकतो. तेल-चंपीतली चंपी. चाफ्याच्या तेलावरून चंपी, असं मी छापील मजकुरातही वाचलंय. पण ते हिंदीतल्या चाँपना, म्हणजे दाबणे, या क्रियापदावरून आलंय. आपलं चेपणे आठवा. इंग्रजांनी 'चाँपो' हे आज्ञार्थी रूप उचललं आणि त्याचं शॅम्पू झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेख दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटनला वाफेचं स्नानगृह काढलं, तिथे शॅम्पू म्हणजे अंग रगडणंच होतं. साबणाचा अर्थ नंतर चिकटला.

फुलावरून खरोखर आलेले मराठीतले शब्द म्हणजे चाफेकळी नाक आणि चंपाकळी हा गळ्यातला दागिना. दोन्हींत कळीचा निमुळता आकार आहे.

कऱ्हाकाठ

चंपाषष्ठी राहिली की!

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला खंडोबाचं नवरात्र बसतं आणि षष्ठीला उठतं. मणी आणि मल्ल या दैत्यांचा देवाने वध केला तो हा दिवस. देवांनी चाफ्याची फुलं उधळली म्हणून चंपाषष्ठी, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. चातुर्मासात सोडलेलं वांगं आणि कांदा-लसूण या दिवशी पुन्हा ताटात येतो, म्हणून भरीत-रोडग्याचा नैवेद्य. तळी भरायची, भंडारा उधळायचा, सदानंदाचा येळकोट करायचा.

यात मला नेहमी एक गोष्ट विलक्षण वाटते. शिवाला चाफा वाहू नये असं सांगणारी पुराणकथा आहे, नारदाने चंपक वृक्षाला शाप दिला ती. आणि खंडोबा तर मार्तंड भैरव, शिवाचंच रूप. तरी त्याच्या सगळ्यात मोठ्या दिवसाचं नाव चाफ्यावर. लोकांनी आपल्या देवाला शास्त्राच्या यादीतून बाहेर काढून हवं ते फूल दिलं.

माळीण_वसईची

फुलाबद्दल कुणीच लिहीना, म्हणून लिहिते. आमच्या वसई-विरार पट्ट्यात सोनचाफ्याच्या वाड्या आहेत. पहाटे, उजाडायच्या आत फुलं खुडायची, कारण ऊन चढलं की पाकळ्या सुटतात आणि दाम पडतो. पहिल्या गाड्यांनी टोपल्या दादरच्या फुलबाजारात जातात. बियांपासूनचं झाड उंच वाढतं आणि फुलायला वर्षानुवर्षं घेतं, म्हणून आता बहुतेक जण कलमं लावतात. ती बुटकी राहतात आणि हात पोचेल एवढ्या उंचीवर फुलतात. काचेच्या बाटलीत पाणी भरून फूल आत बुडवून ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. रंग-रूप तसंच राहतं, बाटली मात्र घट्ट बंद हवी.

तुम्ही सगळे 'चाफा' हे एकच झाड धरून चाललात. आमच्याकडे गिऱ्हाईक चाफा मागतं तेव्हा विचारावं लागतं, कुठला? सोनचाफा वेगळा. देवळाबाहेरचा पांढरा, चिकाचा खुरचाफा वेगळा. हिरवा चाफा तर वेलीसारखा चढतो. कवठी चाफा, नागचाफा, पानं येण्याआधी जमिनीतून फूल काढणारा भुईचाफा, सगळी झाडं वेगळी, आणि बहुतेकांचं कूळही वेगळं.

रानजाई

माळीणताई, ही भर फार मोलाची आहे. गावांची नावं जशी निरनिराळ्या वाटांनी आली तसंच फुलांचंही झालंय. सोनचाफ्याला लिनीअसने १७५३ साली मायकेलिया चंपाका म्हटलं, इटलीतल्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. आता त्याला मॅग्नोलियात घेतलंय. चंपाका हा आपला शब्द दोन्ही वेळा राहिला. खुरचाफा मात्र मुळात अमेरिकेतला, मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांकडचा. तो प्लुमेरिया, आणि भुईचाफा तर हळदीच्या कुळातला.

मेकाँगकाठ

मग लाओसचं माझ्याकडून. कामानिमित्त इथे व्हिएन्तियानला राहते. लाओसचं राष्ट्रीय फूल 'दोक चंपा'. दोक म्हणजे फूल. ते इथल्या विमानांच्या शेपटीवर रंगवलेलं असतं, प्रत्येक विहाराच्या अंगणात असतं, पाहुण्याचं स्वागत त्याच्या माळेने होतं. आणि ते आहे खुरचाफा! म्हणजे अमेरिकेतलं झाड, नाव भारतातलं, आणि आज ओळख लाओसची. कोलंबसाच्या आधी हे झाड आशियात असणं शक्य नाही, म्हणजे नाव आधी इथे होतं आणि फूल मागून आलं.

दक्षिणेकडे चंपासाक प्रांत आहे. तिथलं वाट फू हे डोंगरउतारावरचं ख्मेर शिवमंदिर २००१ पासून जागतिक वारसा आहे. वर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना जुने, वाकडेतिकडे खुरचाफे आहेत.

इंडोनेशियात याच्या उलट आहे. तिथे 'चंपाका' म्हणजे खरा सोनचाफा, खुरचाफ्याला ते 'कंबोजा' म्हणतात. जकार्तात चंपाका पुतिह नावाचा भाग आहे, म्हणजे पांढरा चंपक.

बेंगळूरकर_माहेरवाशीण

कन्नडमध्ये संपिगे. मल्लेश्वरमचा संपिगे रोड मराठी माणसांनाही ठाऊक असेल. शहराच्या मध्यावर संपंगी तलाव होता, तो आटवून तिथे कंठीरव स्टेडियम झालं. तलाव गेला, संपंगीरामनगर या नावात तेवढा उरला.

पूर्वरंग

आता व्हिएतनामकडे येऊ, कारण या धाग्यात सगळ्यात जास्त घाईने बोलला जाणारा विषय तोच आहे.

चिनी नोंदींत इसवी सन १९२ च्या सुमाराला तिथे लिन-यी नावाचं राज्य दिसतं. चंपा हे नाव तिथल्या संस्कृत शिलालेखांत पुढे, सातव्या शतकापर्यंत स्पष्ट होतं. चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने 'मी सोन' नावाच्या दरीत भद्रेश्वर शिवाची स्थापना केली. पुढची अनेक शतकं तिथे विटांची मंदिरं उभी राहत गेली. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत त्यातली बरीच पडली. १९९९ मध्ये उरलेल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलंय, आणि २०२० मध्ये त्याच कामात वालुकाश्मातलं अखंड शिवलिंग सापडलं.

'भागलपूरच्या व्यापाऱ्यांनी आपल्या चंपेचं नाव तिकडे नेलं' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल. ते अशक्य नाही. महाजनक जातकातला राजपुत्र काळचंपेत वाढतो आणि सुवर्णभूमीकडे जहाजाने निघतो, म्हणजे चंपेहून पूर्वेला जाण्याची वाट कथाकारांच्या परिचयाची होती. पण जातककथा म्हणजे नामकरणाचा दाखला नव्हे. त्या राज्याने प्रदेशांना अमरावती, विजय, पांडुरंग अशीही नावं ठेवली होती. संस्कृत नावांचा तो एक मोठा संच होता आणि चंपा त्यातलं एक.

जुना_वाचक

पांडुरंग?

पूर्वरंग

हो काका, पांडुरंग. चंपेचा अगदी दक्षिणेकडचा भाग. आजचं फान रांग शहर त्याच नावाचं बदललेलं रूप. पंढरपूरशी त्याचा संबंध जोडायचा मोह मलाही होतो, पण आधार काही नाही. १४७१ मध्ये व्हिएतनामी राजा ले थान तोंगने 'विजय' हे चंपेचं नगर घेतलं, त्यानंतर चंपा आक्रसत गेली, आणि १८३२ मध्ये पांडुरंगाचं उरलंसुरलं स्वातंत्र्यही सम्राट मिन्ह मांगने संपवलं. म्हणजे चंपेचा शेवट पांडुरंगात झाला.

कोकणातल्या लोकांसाठी आणखी एक: चंपेच्या राजघराण्यांत दोन वंश सांगितले जात, नारिकेल वंश आणि क्रमुक वंश. माडाचा आणि सुपारीचा.

नकाशाप्रेमी

चंपा तांदूळ विसरू नका. लवकर पिकणारा, कोरड्याला दाद न देणारा. १०१२ साली दुष्काळ पडला तेव्हा चीनच्या सोंग सम्राटाने फूच्येनमधून त्याचं बियाणं मागवून यांगत्सेच्या खोऱ्यात वाटलं. त्याच जमिनीत वर्षाला दोन पिकं घेणं त्याने सोपं झालं आणि चीनची लोकसंख्या वाढण्यामागे इतिहासकार त्याचा हात मानतात. फुलाच्या नावाच्या राज्यातलं भात, आणि पोट भरलं ते दुसऱ्याच देशाचं.

रानजाई

नकाशाप्रेमी, हे माझ्या यादीत नव्हतंच.

भागलपूरचं एक राहिलंय. बिहुला आणि विषहरी या सर्पदेवीच्या कथेतला चांद सौदागर चंपकनगरचा. सर्पदंशाने मेलेल्या नवऱ्याचा देह तराफ्यावर घेऊन बिहुला नदीतून निघते. भागलपूरचे लोक ते चंपकनगर आपलं मानतात आणि त्या कथेवरची मंजूषा चित्रं हिरव्या, गुलाबी, पिवळ्या रंगांत काढतात. पण बांगलादेशात बोगड्याजवळ गोकुळ मेढ नावाचा जुना ढिगारा आहे, त्याला लोक बेहुलाची वासरघर, म्हणजे तिच्या लग्नाच्या रात्रीची खोली, म्हणतात. बंगालात वर्धमानकडेही एक चंपाईनगर हाच हक्क सांगतं. कथा जिथे गेली तिथे चंपकनगर घेऊन गेली. म्हणजे गावाला नाव मिळण्याची ही आणखी एक वाट.

मेकाँगकाठ

पूर्वरंग, चंपेचं राज्य संपलं पण तिथले लोक, म्हणजे चाम, संपले नाहीत. फान रांगच्या आसपास त्यांची गावं आहेत, काही हिंदू परंपरेतली, काही मुसलमान. पो क्लोंग गराईच्या बुरुजासारख्या देवळात दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास काते नावाचा सण होतो, राजांना आणि पूर्वजांना वस्त्रं अर्पण करतात. कंबोडियात तर मेकाँगच्या काठावर कांपोंग चाम नावाचं मोठं शहर आहे. कांपोंग म्हणजे बंदर, घाट. चामांचा घाट. तिथल्या चाम वस्तीत मी जाऊन आलेय, मासेमारी करणारी मुसलमान कुटुंबं बरीच. पुढच्या काते सणाला फान रांगला जायचं ठरतंय. जमलं तर फोटो याच धाग्यावर टाकीन.